एका कानात इम्प्लांट, दुसरा कान मोकळा: एका प्रौढ व्यक्तीचं प्रकरण

मी श्रवणतज्ज्ञ आहे. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. लेखात त्यांना ताई म्हटलं आहे.

पार्श्वभूमी

ताई ४९ वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत काउंटरवर बसतात. ऐकू कमी येण्याची सुरुवात तिशीच्या आधीच झाली होती. आईलाही तोच त्रास होता, त्यामुळे घरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. पुढे दोन्ही कानांना मशीन आलं. दर तीन-चार वर्षांनी आधीच्यापेक्षा ताकदवान मशीन घ्यावं लागायचं. चाळिशीत उजवा कान इतका गेला की मशीन लावूनही नुसता गलका ऐकू यायचा, शब्द कळायचे नाहीत. ४४व्या वर्षी एका मोठ्या शहरात त्या कानात कॉक्लियर इम्प्लांट बसवलं.

इम्प्लांट म्हणजे मोठं केलेलं कानाचं मशीन नव्हे. कानामागचा प्रोसेसर आवाज पकडतो आणि त्याचे संकेत करून कॉइलमार्फत कातडीखाली पाठवतो. तिथून ते इलेक्ट्रोडच्या तारेतून आतल्या कानातल्या कॉक्लियात जातात आणि थेट श्रवणाच्या नसेला चेतना देतात. निरोगी कॉक्लियात ही माहिती नसेकडे नेणाऱ्या आतल्या ओळीच्या केसपेशी साधारण साडेतीन हजार असतात. इम्प्लांटमध्ये त्यांच्या जागी, कंपनीनुसार, १२ ते २२ इलेक्ट्रोड काम करतात. एवढ्या तुटपुंज्या माहितीतून मेंदू बोलणं उलगडतो, याचं मला इतक्या वर्षांनंतरही अप्रूप वाटतं.

ताईंना फायदा झाला, आणि चांगला झाला. शांत खोलीत समोरासमोर बसलं की त्या ओठांकडे न बघता बोलायच्या. नवऱ्याशी फोनवर बोलायला लागल्या.

मग पाच वर्षांनी त्या पुन्हा का आल्या? त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "ऐकू येतं हो, पण अर्ध्याच जगातलं येतं."

नेमकी अडचण

प्रौढांना बऱ्याच ठिकाणी एकाच कानात इम्प्लांट मिळतं. त्यात खर्चाचा भाग मोठा असतो. आपल्याकडे केंद्र सरकारची एडिप योजना इम्प्लांटसाठी मदत करते ती लहान मुलांना. पन्नाशीला टेकलेल्या ताईंसारख्यांना बहुतेकदा सगळा भार स्वतःच उचलावा लागतो. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा इम्प्लांट फुकट बसवते, पण तिथेही २००९पासूनचा नियम असा की दोन्ही कानांत मुलांना, आणि प्रौढांपैकी फक्त अंधत्व किंवा तसंच दुसरं अपंगत्व असलेल्यांना. बाकीच्या प्रौढांना एकच. म्हणजे एका इम्प्लांटवर आयुष्य काढणं हीच प्रौढांची सर्वसाधारण स्थिती आहे, आणि त्या स्थितीत अजून काय करता येईल हा प्रश्न जगभरच्या श्रवणकेंद्रांत रोज येतो.

अडचण कुठे येते, हे मी ताईंना आठवडाभर वहीत लिहायला सांगितलं. फार नेमक्या नोंदी घेऊन आल्या.

काउंटरवर गिऱ्हाईक डावीकडून येतं, उजवीकडे भिंत. इम्प्लांटचा कान भिंतीकडे आणि काही न लावलेला कान माणसांकडे. डोक्याची सावली आवाजावरही पडते. डावीकडून आलेल्या आवाजातला वरच्या पट्टीचा भाग डोक्याला वळसा घालून उजवीकडे पोचेपर्यंत २० डेसिबलपर्यंत दबू शकतो. स, श, च, ट ही व्यंजनं नेमकी त्याच पट्टीत असतात.

दुसरी नोंद आकड्यांची. "बावन्न की ब्याण्णव, पंचावन्न की पंच्याण्णव, कळत नाही." मराठी आकड्यांचं हे दुखणं ऐकणाऱ्यांच्याही ओळखीचं आहे. सत्तावन्न आणि सत्त्याण्णव यांची सुरुवात सारखी, शेवटी दोन्हीकडे ण-न. पासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट यांची शेपूट एकच. वेगळेपण दडलेलं असतं ते सुरुवातीच्या किंवा मधल्या एखाद्या अक्षरात. पंख्याच्या घरघरीत ते अक्षर गेलं की आकडाच गेला. ताई प्रत्येक रक्कम स्लिपवर ताडून घ्यायच्या, त्यामुळे चूक कधी झाली नव्हती. पण त्या ताणाने दुपारपर्यंत डोकं दुखायला लागायचं.

तिसरी नोंद मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. एक आजोबा काउंटरवर म्हणाले, "पेन्शन जमा झाली?" ताईंना ऐकू आलं "पेन्शन जमा झाली." त्या नुसत्या हसल्या. आजोबा उत्तराची वाट बघत उभे, ताई पुढच्या माणसाकडे वळल्या. आजोबा दुखावले आणि साहेबांकडे गेले. शब्द सगळे बरोबर ऐकू आले होते, निसटला होता तो सूर. बोलताना आपण अनेकदा 'का' लावत नाही, शेवट वर उचलला की प्रश्न होतो. इम्प्लांट शब्द चांगले पोचवतं, पण सुराची उंची (पिच) पोचवण्यात ते कमकुवत असतं. ती उंची कळते खालच्या पट्टीतून. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण १०० ते १२५ हर्ट्झ, बाईचा २००च्या आसपास.

याखेरीज हाक कुठून आली ते न कळणं, संस्थेच्या बैठकीत चार माणसं बोलायला लागली की सगळं हातचं जाणं, रस्ता ओलांडताना हॉर्न नेमका कुठल्या बाजूचा हे न कळणं. आवाजाची दिशा मेंदू दोन कानांतल्या फरकावरून काढतो. बाजूने आलेला आवाज एका कानात दुसऱ्यापेक्षा साधारण एक हजारांश सेकंदाच्या दोन तृतीयांश इतका आधी पोचतो, थोडा मोठाही असतो. एकाच कानावर ही तुलना होणार कशी?

तपासणीत काय निघालं

आधी इम्प्लांट तपासलं. साध्या गोष्टी राहून गेल्या असतील तर पुढचे सगळे पर्याय चुकीच्या पायावर उभे राहतात. प्रोसेसरच्या माइकवरची जाळी घामाने आणि पावडरीने बुजली होती, ती बदलली. मॅपिंग, म्हणजे इम्प्लांटची जुळणी, बऱ्याच काळात झालं नव्हतं. प्रत्येक इलेक्ट्रोडची सुरुवातीची आणि सोसवेल अशी वरची पातळी नव्याने लावली. मग आ, ऊ, ई, म, श, स हे सहा आवाज तोंड झाकून, लांबून म्हटले. आधी 'स' निसटत होता, आता सहाही आले. शांततेत मराठी वाक्यांची चाचणी उत्तम. मागे गोंगाट सुरू केल्यावर मात्र निम्म्याहून अधिक शब्द गळाले.

नंतर डाव्या कानाचा ऑडिओग्राम काढला, म्हणजे कुठल्या पट्टीत किती मोठा आवाज केल्यावर ऐकू येतो त्याचा आलेख. २५० हर्ट्झला ५० डेसिबल, ५००ला ६५, १०००ला ९०, त्यापुढे काहीच नाही. या कानाने एकट्याने बोलणं कळणं शक्य नव्हतं. पण खालच्या पट्टीत अजून धुगधुगी होती, आणि इम्प्लांट जिथे अपुरं पडतं ती नेमकी हीच पट्टी.

या कानाचं मशीन कुठे आहे, असं विचारलं. "कपाटात." शस्त्रक्रियेनंतर नव्या कानाला सवय व्हावी म्हणून डावं मशीन काही दिवस काढून ठेवायला सांगितलं होतं. ते परत लावायचं कुणी सांगितलं नाही, आणि पाच वर्षं तो कान तसाच राहिला.

कोणते पर्याय होते

ताई मनाने दुसऱ्या इम्प्लांटपर्यंत पोचल्या होत्या. पुण्याला नोकरी करणारा मुलगा कर्ज काढायला तयार होता. "आई, तू पैशाचा विचार करू नकोस," हे तो माझ्यासमोरच दोनदा म्हणाला. दुसऱ्या इम्प्लांटच्या बाजूने वजनदार मुद्दे होते. दोन्ही बाजूंना कान मिळतो, डोक्याच्या सावलीचा प्रश्न सुटतो, दिशा कळण्यात खरी सुधारणा होते. दोन इम्प्लांट असलेल्या प्रौढांत हे चांगलं दिसून आलेलं आहे. पण इलेक्ट्रोड आत सरकवताना डाव्या कानातली उरलेली खालची पट्टी जाऊ शकते. ती जपण्याच्या पद्धती आहेत, हमी मात्र कुणी देत नाही. तोल जाण्याचा, चक्करीचा धोका असतो. आणि कित्येक लाखांचा खर्च. सुरासाठी धडपडणाऱ्या माणसाच्या कानातला सुराचा शेवटचा धागा आपणच तोडू, ही शक्यता मला अस्वस्थ करत होती. ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

क्रॉस नावाची सोय असते. बंद कानावर फक्त माइक लावतात, तो तिकडचा आवाज बिनतारी पद्धतीने इम्प्लांटच्या प्रोसेसरला देतो. शस्त्रक्रिया नाही, सावलीचा त्रास कमी. पण सगळं शेवटी एकाच कानात येतं, त्यामुळे दिशा कळत नाही, आणि गोंगाट त्या बाजूला असेल तर तोही इम्प्लांटमध्ये ओतला जातो. ज्यांच्या दुसऱ्या कानात काहीच उरलेलं नाही त्यांच्यासाठी मी याचा जरूर विचार करतो. ताईंच्या कानात उरलेलं होतं, शिवाय त्यांचा जुना प्रोसेसर या सोयीशी जुळत नव्हता.

तिसरा पर्याय म्हणजे डाव्या कानाला पुन्हा मशीन. एका कानात इम्प्लांट, दुसऱ्यात मशीन. ताईंचा याला विरोध होता, आणि त्यामागचं कारण समजण्यासारखं होतं. ज्या मशीनने वर्षानुवर्षं निराश केलं ते पुन्हा कानात घालायचं? "मागे जाते आहे असं वाटतं," त्या म्हणाल्या.

इथे त्यांच्या यजमानांनी वाट काढली. "अगं, ऑपरेशन काय, चार महिन्यांनीही होईल. केलेलं ऑपरेशन मात्र मागे घेता येणार नाही. आधी हे बघू या." यावर सगळ्यांचं जमलं. दोन गोष्टी आधीच कागदावर लिहिल्या. चार महिने मशीन नियमित लावायचं, आणि त्यानंतर गोंगाटातल्या चाचणीत व ताईंच्या वहीत दोन्हीकडे फरक दिसला नाही तर दुसऱ्या इम्प्लांटसाठी शल्यविशारदांकडे पाठवायचं. शेवटची तारीख ठरलेली असल्यामुळे हा टाळण्याचा प्रकार नाही, यावर मुलाचाही विश्वास बसला.

काय केलं

कपाटातलं मशीन निकामी झालं होतं. नवीन ताकदवान मशीन महिन्याभराच्या बोलीवर घेतलं, आणि पटलं म्हणून पुढे विकत घेतलं. कानाचा साचा नव्याने काढला. साचा सैल असला की खालच्या पट्टीचा आवाज आधी गळतो, आणि आम्हाला तर तोच हवा होता.

मशीन लावताना १००० हर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ बंद ठेवला. त्या भागात कान काही पकडत नव्हता. तिथे जोर लावला असता तर शिट्टी आणि खरखर वाढली असती. मग दोन्ही कानांचा मोठेपणा जुळवला. समोरून एकाच आवाजात वाचत राहायचं आणि आवाज डोक्याच्या मध्यावर येतो की एका बाजूला ओढला जातो, हे ताईंनी बोटाने दाखवायचं. याला वेळ लागतो, आणि घाई केली की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. उजवीकडून पातळ, धारदार आवाज आणि डावीकडून पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. दोन माणसं एकाच वेळी तेच बोलताहेत असं ताईंना वाटायचं. दोन यंत्रं आवाज पुढे द्यायला घेतात तो वेळही काही हजारांश सेकंदांनी वेगळा असतो. दोन्हींचा एक आवाज व्हायला मेंदूला सराव लागतो. दोनदा त्या मशीन परत द्यायला निघाल्या. मग सुरुवातीला ते फक्त घरी, संध्याकाळी, यजमानांशी गप्पा मारताना लावायचं ठरलं. काउंटरवर न्यायचं नाही. हळूहळू वेळ वाढवत नेला.

सराव पुस्तकी ठेवला नाही. यजमानांनी रोज थोडा वेळ समोर वर्तमानपत्र धरून वाक्यं म्हणायची, कधी सरळ, कधी प्रश्न करून: "गॅस बंद केला." "गॅस बंद केला?" ताईंनी फक्त ओळखायचं. आकड्यांच्या वेगळ्या जोड्या केल्या, बावन्न-ब्याण्णवपासून अठ्ठावन्न-अठ्ठ्याण्णवपर्यंत. आधी शांततेत, मग पंखा लावून, मग टीव्ही लावून.

आकड्यांना मशीनची फारशी मदत होणार नाही याचा अंदाज होता, म्हणून काउंटरवर दुसरी युक्ती केली. ताईंनी गिऱ्हाइकाला सांगायचं, "एकेक आकडा सांगा." पाच, दोन. नऊ, दोन. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक'च्या धर्तीवर आकडे वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. भाषेच्या अंगाने काय ते जाणकार ठरवतील. पण 'नऊ, दोन' ही सुटी जोडी इम्प्लांटवाल्या कानाला 'ब्याण्णव'पेक्षा कितीतरी स्वच्छ ऐकू येते, हे मी या प्रकरणात रोज पाहिलं.

संस्थेच्या साहेबांना ताईंनी यजमानांना सोबत घेऊन भेटून सगळं सांगितलं. टेबल फिरवलं. आता इम्प्लांटचा कान माणसांकडे आहे. या बदलाला एक पैसा लागला नाही. बैठकीसाठी बिनतारी माइक घेतला. पहिल्या बैठकीत तो टेबलाच्या मध्यावर ठेवला आणि ताईंना ऐकू आली ती कागदांची सळसळ, कपबश्या आणि पंखा. आवाजापासूनचं अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत तो सहा डेसिबलने उतरतो, त्यामुळे माइक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळच हवा. पुढच्या वेळी साहेबांनी तो शर्टाला लावला आणि जो बोलेल त्याच्या हातात द्यायचं ठरलं. पहिल्यांदा सगळे अवघडले. पण माइक हातात असणाराच बोलणार, असं झाल्यामुळे एकमेकांचं बोलणं तोडायचं थांबलं, आणि ते सगळ्यांनाच बरं वाटलं.

काय झालं

चार महिन्यांनी त्याच चाचण्या घेतल्या. शांततेत फरक नाही, तो अपेक्षितही नव्हता. गोंगाटात आधी निम्म्याहून अधिक शब्द गळायचे, आता साधारण तिसरा हिस्सा. प्रश्न आणि विधान ओळखण्यात मात्र मोठा फरक पडला. नुसत्या इम्प्लांटवर त्या अंदाजाने सांगत होत्या. दोन्ही लावून क्वचितच चुकल्या.

वहीतली एक नोंद जशीच्या तशी: "हरिपाठाला मृदंग ऐकू आला. आधी नुसती टकटक यायची. त्याचा घुमारा पाच वर्षांनी ऐकला." संगीतासाठी आम्ही वेगळं काही केलं नव्हतं, ते आपसूक आलं. बायका आणि पुरुष एकत्र बोलत असले तर कोण बोलतंय तेही आता लवकर कळतं.

दिशा फारशी सुधारली नाही. हाक उजवीकडून की डावीकडून, इतकं बऱ्याचदा कळतं, नेमकं कुठून ते नाही. रस्ता ओलांडताना कानावर विसंबायचं नाही, दोन्हीकडे बघूनच जायचं, हे मी त्यांना निक्षून सांगितलं आहे. लग्नाच्या हॉलमध्ये डीजे लागला की अजूनही सगळं संपतं. थकवा कमी झाला, गेला नाही. घरी आल्यावर तासभर त्या दोन्ही यंत्रं काढून ठेवतात. त्या वेळात मागून हाक मारायची नाही, समोर यायचं, हे घरात ठरलं आहे.

दुसऱ्या इम्प्लांटचा निर्णय ताईंनी स्वतः पुढे ढकलला. मुलगा आधी नाराज होता. आईने फोनवर "काय रे, रडतोयस की सर्दी झालीय?" असं विचारलं त्या दिवशी तो निवळला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत मोठं नुकसान त्या पाच वर्षांत झालं. नव्या इम्प्लांटला वाव मिळावा म्हणून दुसरं मशीन थोडे दिवस काढायला सांगतात, पण ते परत कधी लावायचं याची तारीख त्याच कागदावर लिहून द्यायला हवी. डाव्या कानाला सतत आवाज मिळत राहिला असता तर ते तीन वाईट आठवडे बहुधा इतके वाईट गेले नसते. इम्प्लांटनंतरच्या प्रत्येक भेटीत दुसऱ्या कानाचाही ऑडिओग्राम काढला गेला असता, तर ही गोष्ट पहिल्याच वर्षी उघड झाली असती.

शस्त्रक्रियेनंतर ताईंच्या चाचण्या फक्त शांत खोलीत झाल्या होत्या. तिथे त्या उत्तीर्ण होत राहिल्या, त्यामुळे फाइलवर सगळं छान दिसत होतं. गोंगाटातली एक चाचणी सुरुवातीपासून केली असती तर वेगळं चित्र दिसलं असतं. नोकरी करणाऱ्या माणसाला सरावासाठी फळाफुलांची नावं देण्यापेक्षा त्याच्या कामातले शब्द पहिल्या दिवसापासून द्यावेत. ताईंसाठी ते आकडे होते, एखाद्या शिक्षिकेसाठी हजेरीतली नावं असतील. आणि टेबल फिरवण्यासारखी गोष्ट कामाच्या जागेचा नुसता नकाशा काढायला सांगितला असता तरी पाच वर्षांपूर्वीच सुचली असती.

पुढचा प्रश्न उघडाच आहे. डावा कान ज्या गतीने उतरतो आहे ती बघता काही वर्षांत तिथली खालची पट्टीही जाईल. म्हणून दर सहा महिन्यांनी त्याचा ऑडिओग्राम काढायचा आणि मशीन काढून व लावून गोंगाटातली चाचणी घ्यायची, असं ठरलं आहे. दोन्हींतला फरक मिटला की दुसऱ्या इम्प्लांटची वेळ आली, आणि तेव्हा गमावण्यासारखं त्या कानात फार काही उरलेलं नसेल. मुलाने कर्ज काढलं नाही, पण दरमहा बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. त्यातून आधी उजव्या कानाचा प्रोसेसर बदलायचा, कारण जुन्याचे सुटे भाग मिळणं कठीण होत चाललं आहे आणि तो बंद पडला तर ताईंकडे दुसरा आधार नाही. नवा घेताना तो डाव्या कानातल्या मशीनशी आणि बैठकीच्या माइकशी जुळतो का, हे दुकानात नाही, ताईंच्या काउंटरवर बसून तपासायचं आहे.